गाणं फुटत नसेल तर बाकावर नुसतं बसा

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न रात्री वाचला, सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचला, मग लिहायला बसलो. आणखी कुणाच्या उपयोगी पडावा म्हणून आधी तो थोडक्यात मांडतो. तुम्ही राहायला विक्रोळीला, नोकरी मस्जिदला. धाकट्या भावाला २९व्या वर्षी रक्ताचा कॅन्सर निघाला. परळच्या हॉस्पिटलात अकरा महिने उपचार चालले. मंडळीने, म्हणजे चर्चच्या लोकांनी, आळीपाळीने चाळीस दिवसांचा साखळी उपवास धरला, त्यात तुमचा वार बुधवार. फेब्रुवारीत भाऊ गेला. घरी सांत्वनाची प्रार्थना झाली तेव्हा बाहेरून आलेले एक प्रचारक सगळ्यांदेखत म्हणाले, "या घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला." तेव्हापासून तुम्ही रविवारी चर्चला जाता, गीतांचं पुस्तक उघडता, ओठ हलवता, पण आवाज फुटत नाही. सकाळी आई अध्याय वाचते आणि शेवटची प्रार्थना तुम्हाला करायला सांगते. तुम्ही पाठ झालेली चार वाक्यं म्हणता आणि दिवसभर आपण ढोंग केलं असं वाटत राहतं. गाडी परळला आली की तुम्ही दाराकडे पाठ करता. आणि विचारता, विश्वास टिकवू कसा?

भावाच्या बायबलबद्दल तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिली आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

मी ३१ वर्षं मुंबईतल्या मराठी मंडळ्यांत पाळक, म्हणजे चर्चचा धर्मसेवक, होतो, आता निवृत्त आहे. त्या वर्षांतला बराच काळ व्यासपीठावर कमी आणि वॉर्डातल्या स्टुलावर जास्त गेला. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. वर दिसतो तो विश्वासाचा. खाली दडलेला असा आहे: माझ्या बुधवारी माझं मन भरकटलं होतं, म्हणून तो गेला का? तुम्ही हे स्पष्ट लिहिलेलं नाही. पण वार लक्षात ठेवून लिहिलात, त्यावरून मला कळलं. आधी या खालच्या प्रश्नाचं बघू. तो सुटल्याशिवाय वरच्याला मी काहीही सांगितलं तरी ते ओझ्यावर ओझंच होईल.

मी पाहिलेल्या बहुतेक घरांत लोकांचा विश्वास मरणाने तुटला नाही. मरणानंतर दिवाणखान्यात कुणीतरी जे बोललं, त्याने तुटला. मरणाचा घाव खोल असतो, पण तो स्वच्छ असतो. "तुझं काहीतरी चुकलं" हे वाक्य त्या घावात घाण टाकतं, आणि मग तो भरत नाही.

आता त्या वाक्याचा शास्त्राच्याच आधाराने समाचार घेऊ. प्रचारकांनी बहुधा याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय धरला असेल, विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील तो. तो भाग सावकाश वाचा. आजारी माणसाने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिच्या वडीलधाऱ्या जबाबदार माणसांना, बोलवावं, त्यांनी येऊन तेल लावावं आणि प्रार्थना करावी, असं तिथे लिहिलंय. प्रार्थना करायची ती वडिलांनी. आजाऱ्याच्या बहिणीच्या विश्वासाचं वजन करायला तिथे कुणी तराजू घेऊन बसलेलं नाही. हिशेब मागायचाच झाला तर तो आम्हा पाळकांचा आणि वडिलांचा मागावा लागेल, आणि तो हिशेब कोणी प्रचारक मागताना मी अजून पाहिला नाही.

सुवार्तेत "तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं" अशी वाक्यं आहेत, हे मी नाकारत नाही. विश्वास आणि बरं होणं यांचा संबंध शास्त्रात आहेच. पण त्या संबंधाचं उलटं सूत्र, म्हणजे जो बरा झाला नाही त्याचा विश्वास कमी, हे शास्त्रात बसत नाही. प्रेषित पौलाचंच बघा. त्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लावले तरी आजारी बरे होत, असं प्रेषितांची कृत्ये सांगतं. तोच पौल तीमथ्याला लिहितो की त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मी मिलेतात ठेवून आलो. एवढंच, अर्ध्या ओळीत. त्रफिमाचा विश्वास कमी होता, असं पुढे एक अक्षर नाही. तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर पौल उपाय सांगतो तो थोडा द्राक्षारस घेण्याचा. स्वतःच्या देहातला काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही. आणि गेथशेमाने बागेत प्रभूने स्वतः तीनदा मागितलं की हा प्याला टळो. टळला नाही. त्या रात्री त्याचा विश्वास कमी पडला, असं म्हणायची छाती कुणाची आहे?

पण तुमच्यासाठी मी सगळ्यात आधी योहानाचा अकरावा अध्याय उघडीन, कारण त्यात भाऊ गेलेल्या दोन बहिणी आहेत.

भाऊ लाजर आजारी पडला तेव्हा मार्था आणि मरीया या बहिणींनी येशूला निरोप धाडला. निरोप मिळाल्यावर तो लगेच निघाला नाही, होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला. हे दोन दिवस आम्ही पाळक उपदेशात घाईघाईने ओलांडतो. ज्यांनी आयसीयूच्या बाहेर दोन दिवस काढलेत त्यांना ते ओलांडता येत नाहीत. तो पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था वाटेत सामोरी गेली, मरीया घरात बसून राहिली. दोघी वेगवेगळ्या भेटल्या, तरी दोघींच्या तोंडून तक्रार तीच निघाली: प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मला नेहमी वाटतं, मधल्या चार दिवसांत घरात त्या एकमेकींना हेच म्हणत असणार, म्हणून शब्दसुद्धा सारखे झाले.

येशूने काय केलं? मार्थेशी तो पुनरुत्थानाविषयी बोलला. मरीयेपुढे तो रडला. दोन बहिणी, दोन स्वभाव, त्याने दोघींना एकच मात्रा दिली नाही. आणि "तुमचा विश्वास कमी पडला म्हणून भाऊ गेला," असं त्याने दोघींपैकी कुणालाही म्हटलं नाही. एका आंधळ्याकडे बोट दाखवून शिष्यांनी विचारलं होतं की पाप कोणाचं, याचं की आईबापाचं, तेव्हाही त्याचं उत्तर होतं की याचंही नाही आणि त्यांचंही नाही.

पुढचं मी झाकणार नाही. येशूने लाजराला कबरेतून जिवंत बाहेर बोलावलं आणि तो परत आला, तुमचा भाऊ आला नाही. का, हे मला ३१ वर्षांत कळलेलं नाही, आणि ज्यांना कळलंय असं ते सांगतात त्यांच्यापासून मी जरा लांबच राहतो. पण त्या अध्यायाचा निम्म्याहून जास्त भाग लाजर बाहेर येण्याच्या आधीचा आहे, आणि तुम्ही आज तिथे उभ्या आहात. तिथे उभं राहून तक्रार करणारीला त्याने अविश्वासी म्हटलं नाही, एवढं मला ठाम सांगता येतं.

हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही, चुकून शिकलो. सेवेत नवा होतो. एका हॉस्पिटलात सात वर्षांच्या मुलीच्या आईला भेटायला बोलावलं होतं, मुलगी तासाभरापूर्वी गेली होती. मी बायबल उघडून उभा राहिलो आणि म्हणालो, "बाई, देवाची इच्छा. त्याला फूल हवं होतं." ती माझ्याकडे बघतही नव्हती. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि मी निघेपर्यंत ते तसंच ठेवलं. बाहेर आल्यावर तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "पाळकसाहेब, पुढच्या वेळी आल्यावर आधी बसा." बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर गप्प बसले होते. तेवढंच त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि बिघडवलं, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो, बोंब मारणाऱ्या ईयोबावर नाही. तेव्हापासून मी आधी बसतो.

आता वरचा प्रश्न, टिकवायचं कसं. टिकवणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लोणच्याची बरणी येते. झाकण घट्ट, हवा लागता कामा नये, ओला हात लागता कामा नये. विश्वास असा टिकवायला गेलं की आतल्या आत वास येऊ लागतो. तुमचं सध्या तेच चाललंय. तक्रार आत कोंडलीय आणि वर चार पाठ वाक्यांचं झाकण आहे.

झाकण काढायला स्तोत्रसंहितेहून चांगली जागा मला माहीत नाही. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश गाऱ्हाण्यांची आहेत, पण रविवारी आपण निवडून निवडून आनंदाची वाचतो. तेरावं स्तोत्र घ्या. जेमतेम सहा वचनं. पहिल्या दोन वचनांतच एक सवाल चारदा येतो: आणखी किती काळ? मग अठ्ठ्याऐंशीवं. इतर गाऱ्हाणी कुठेतरी वळतात, शेवटी एखादा उजेड दिसतो. हे वळतच नाही. मूळ इब्रीत त्याचा शेवटचा शब्द अंधार असा आहे. ज्यांनी ही पुस्तकं एकत्र केली त्यांनी त्याला शेवटी एक गोड कडवं जोडून दिलं नाही, तसंच ठेवलं. विलापगीताचंही तसंच. दर सकाळी नव्या होणाऱ्या दयेचं वचन आपण कॅलेंडरवर छापतो, ते तिसऱ्या अध्यायात मध्यावर आहे. पाचव्या अध्यायाचा, म्हणजे पुस्तकाचा, शेवट मात्र देवाने आपल्याला टाकून दिलं की काय या धास्तीवर होतो.

काही मंडळ्यांत हे ऐकून भुवया उंचावतात. देवाशी असं बोलायचं? मला त्याचं नवल वाटतं, कारण आपण मराठी माणसं आहोत. जनाबाईने विठ्ठलाला शिव्या घातल्या, तुकोबा त्याच्याशी भांडले, आणि गावाने ते अभंग जपून ठेवले. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक म्हणायचे की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्या पुलावरून येताना भांडायचा हक्कही बरोबर आला असावा, असं माझं मत.

तर करायचं एवढंच. दिवसातून एकदा तेरावं किंवा अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र मोठ्याने वाचा, स्वतःला ऐकू येईल इतपत. घरात जमत नसेल तर गच्चीवर, जिन्यात, कुठेही. वाचून झालं की त्यापुढे तुमचं स्वतःचं एक वाक्य जोडा. "मी बुधवारी उपाशी होते आणि तू आला नाहीस," असं. आणि तिथेच थांबा. "तरीही प्रभू, तुझे आभार" हे शेपूट जोडू नका. आभार येतील तेव्हा येतील. सवयीने जोडलेले आभार म्हणजे पुन्हा बरणीचं झाकण.

हे किती दिवस करायचं, ते माणसावर आहे. कुणाला दोन आठवड्यांत हलकं वाटतं. एका गृहस्थांना दोन वर्षं लागली आणि त्या दोन वर्षांत ते चर्चच्या पायरीपर्यंत येऊन परत जात. जवळचं माणूस अचानक गेलं की दीर्घ आजाराने गेलं, घरात बोलता येतं की नाही, डोक्यावर उपचारांचं कर्ज आहे का, या सगळ्यावर ते अवलंबून आहे. कर्जाचं मुद्दाम विचारतो. परळ-दादर भागात पेशंटच्या नातेवाइकांबरोबर फूटपाथवर बसून मी जितक्या "विश्वासाच्या" अडचणी ऐकल्या, त्यातल्या कित्येक भाड्याच्या आणि औषधांच्या बिलाच्या होत्या. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत खोली मिळाल्यावर एका माणसाची प्रार्थना परत सुरू झालेली मी पाहिली आहे. तुमच्याकडे पैशांची ओढाताण असेल तर मंडळीच्या वडिलांना तेही सांगा. मदत मागणं हा काही अविश्वास नाही.

शरीराचं तर हमखास बघा. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणाला, देवा, आता मला मरू दे. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, तो पुन्हा झोपला, त्याला पुन्हा उठवून खायला दिलं. देवाशी बोलणं नंतर झालं, चाळीस दिवस चालून गेल्यावर. म्हणून तुम्हाला माझी विनंती, सध्या उपवास नको. रात्रभराची प्रार्थनाही नको. अकरा महिने हॉस्पिटलच्या खुर्चीत झोपलेल्या बाईला आधी गादीवर झोपू द्या.

झोप पार उडाली असेल, जेवण जात नसेल, रोजची कामं उरकत नसतील, किंवा जगूच नये असे विचार येत असतील, तर तो आता पाळकाचा विषय राहत नाही, डॉक्टरांचा होतो. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या तिन्ही हॉस्पिटलांत मानसोपचार विभाग आहेत. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. विश्वासी माणसाने गोळ्या कशाला घ्यायच्या, असं कुणी म्हणालं तर त्यांना चष्मा काढून बायबल वाचायला सांगा.

इथवर तीन गोष्टी झाल्या. भावाच्या मरणाचा दोष तुमचा नाही, तक्रार हीसुद्धा प्रार्थना आहे, आणि झोप व जेवण हा साधनेचाच भाग आहे. आता चर्चचं.

तुम्हाला गाता येत नाही याची लाज वाटते. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघे एका पक्षाघाती माणसाला खाटेसकट उचलून आणतात आणि छप्पर उसकटून खाली सोडतात. येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला, असं तिथे लिहिलंय. खाटेवरच्या माणसाने तोवर तोंडातून शब्दही काढलेला नाही. मंडळी असते ती या कामासाठी. या वर्षी खाटेवर तुम्ही आहात. गाणं फुटत नसेल तर बाकावर नुसतं बसा, ओठही हलवू नका. शेजारची बाई गातेय ते गाणं तुमच्या वाट्याचंही आहे असं समजा. उठावंसं वाटलं नाही तर उठू नका. प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली भाकर आणि द्राक्षारस, घ्यावं की नाही, असा प्रश्न पडत असेल तर घ्या. ते बक्षीस नाही, जेवण आहे.

हे मी स्वतः खाटेवर पडून शिकलो. २०२० साली, मे आणि जूनमध्ये, शिवडीच्या कबरस्तानात मी इतके दफनविधी केले की शेवटी नावं कागदावर लिहून न्यावी लागली. प्लास्टिकच्या पोशाखात चारपाच माणसं, कुटुंब फाटकाबाहेर. मी प्रार्थना म्हणत होतो आणि माझ्याच कानाला ती दुसऱ्या कुणाची वाटत होती. घरी आलो की बायबल उघडवत नव्हतं. हे मी फक्त एका माणसाला सांगितलं, मंडळीतले निवृत्त गिरणी कामगार, तेव्हा वय ८१. त्यांनी सल्ला दिला नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सहाला त्यांचा फोन येऊ लागला. फोन उचलला की ते थेट स्तोत्र वाचायला लागत, पहिल्यापासून, रोज एक. वाचून झालं की "बरं, ठेवतो" म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. एकशे एकोणिसावं आलं तेव्हा एकशे शहात्तर वचनं एका दमात वाचली, मी मध्ये चहा करून आणला. दीडशे स्तोत्रं, पाच महिने. त्यातली कितीतरी मी नीट ऐकलीसुद्धा नाहीत. नोव्हेंबरात एका सकाळी फोन यायच्या आधीच मी पुस्तक उघडून बसलेला होतो. बस, एवढंच घडलं. उजेडबिजेड काही पडला नाही.

असा एक माणूस शोधा. मंडळीतला सगळ्यात वाचाळ नको, सगळ्यात विद्वानही नको. जो फोन ठेवू शकतो तो हवा.

त्या प्रचारकांना जाब विचारावा का, असं तुम्ही विचारलंय. आत्ता नको, आणि एकटीने तर मुळीच नको. पण तुमच्या पाळकांना सांगा की हे वाक्य माझ्या घरात बोललं गेलं आणि ते मला खोल लागलं. ते काम त्यांचं आहे. त्यांनी ऐकून सोडून दिलं, किंवा "ते देवाचे सेवक आहेत" म्हणून तुम्हालाच गप्प केलं, तर काही काळ दुसऱ्या चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसायला हरकत नाही. एक मंडळी सोडणं म्हणजे ख्रिस्त सोडणं नव्हे.

पंडिता रमाबाईंचं आपल्याकडे भाषणांत फार कौतुक होतं, पण त्यांच्या आयुष्यातला कालक्रम फारसा कुणी सांगत नाही. जन्म १८५८चा. १८७४मध्ये भुकेने वणवण करताना वडील गेले, पाठोपाठ आई आणि बहीण. उरला एक भाऊ, श्रीनिवास. १८८०मध्ये तोही गेला. १८८२मध्ये पती गेले, पदरात मनोरमा तान्ही. १८८३मध्ये इंग्लंडला वाँटेज इथे बाप्तिस्मा झाला. १८८९मध्ये मुंबईत चौपाटीजवळ विधवांसाठी शारदासदन सुरू केलं, म्हणजे देशभर नाव झालेली ख्रिस्ती बाई. आणि त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं की ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, ख्रिस्त मात्र बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी भेटला. मधल्या वर्षांत काम थांबलं नव्हतं. पोकळी मात्र आत कुठेतरी होती. १९२१मध्ये मनोरमा गेली, पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, आणि त्याआधीची कित्येक वर्षं त्या मूळ भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. इतकं सगळं पोटात घेऊन एखादी बाई रोज सकाळी इब्री शब्दकोश उघडते, ती काही रोज सकाळी आनंदात असेल असं मला वाटत नाही.

आईचं सांगतो. तिच्यापुढे ढोंग करू नका, पण तिला धक्काही देऊ नका. "माझा विश्वास उडाला" असं काही जाहीर करायची गरज नाही, कारण ते खरंही नाही. ज्याचा विश्वास उडतो तो मला इतकं मोठं पत्र लिहीत नाही. तिला एवढंच सांगा: "आई, सध्या मला प्रार्थना जमत नाही. तू कर, मी बाजूला बसते." मुलगा गेलेल्या आईला तुमच्या प्रार्थनेपेक्षा तुमचं बाजूला बसणं जास्त हवं असेल, असा माझा अंदाज आहे. कदाचित तीही म्हणेल की मलाही जमत नाही गं, मी तुझ्यासाठी वाचते. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे दोघं एकमेकांसाठी वर्षभर धीर धरून बसले होते.

आणि परळ. दाराकडे पाठ करता, करा. ज्या दिवशी जमेल त्या दिवशी, गाडी थांबते त्या वीसएक सेकंदांत, मनातल्या मनात भावाचं नाव घ्या. मागणं नाही, स्तुती नाही, नुसतं नाव. गाडी सुटली की प्रार्थना संपली. नाही जमलं तर करी रोडला माझी काही हरकत नाही.

राहिलं भावाचं बायबल. तुम्ही लिहिलंय की त्याच्या बायबलात हॉस्पिटलचे कागद खुणेसाठी ठेवलेले आहेत, रक्ततपासणीच्या चिठ्ठ्या, पुढच्या तारखेचं कार्ड, त्यामुळे ते उघडवत नाही. आणि आई म्हणते तेच वाच. मग कागद काढून टाकू का?

काढू नका. ते बायबल आत्ता वाचायचंही नाही, तुमचं वेगळं घ्या किंवा मोबाइलवर वाचा. ते कपाटात त्याच्या कपड्यांशेजारी राहू दे. आईला यातलं माहीत नसेल तर सांगा, ती का म्हणून आग्रह करते तेही विचारा. पुढे कधीतरी तुम्ही दोघी मिळून ते उघडाल, तेव्हा प्रत्येक कागद कोणत्या पानावर आहे ते बघून घ्या. पेशंट माणसं कागद कुठेही खुपसत नाहीत. त्या दिवशी जे वाचत होता, तिथे तो थांबला होता.